डेल्फी तंत्र: तज्ज्ञांचे एकमत कसे मोजायचे?

काही विषयांवर आकडेवारी मिळत नाही, आधीचे संशोधनही तोकडे असते. पण त्या क्षेत्रात वर्षानुवर्षे काम केलेली माणसे असतात. समजा, ग्रामीण शाळेतल्या शिक्षकाला कोणती डिजिटल कौशल्ये हवीत, याची यादी करायची आहे. तज्ज्ञांची बैठक बोलावली तर काय होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय: सर्वांत ज्येष्ठ सर आधी बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. डेल्फी तंत्र नेमके हेच टाळते.

सुरुवात कुठे झाली?

१९५० च्या दशकात, अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमध्ये. डाल्की आणि हेल्मर यांनी सात तज्ज्ञांना विचारले, की अमेरिकेचे शस्त्र-उत्पादन ठरावीक प्रमाणात खाली आणायला शत्रूला किती अणुबॉम्ब लागतील? तज्ज्ञांना एकमेकांशी चर्चा करू न देता पाच प्रश्नावल्या दिल्या. सुरुवातीचे अंदाज ५० ते ५००० इतके पसरलेले होते. अखेरीस ते १६७ ते ३६० वर आले. विषय गोपनीय असल्याने हा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रक्रिया

१. तज्ज्ञ म्हणजे कोण, याचे निकष आधी लिहा (अनुभव, पद, प्रकाशने). ‘ओळखीचे होते म्हणून घेतले’ हे उत्तर चालत नाही.
२. पहिली फेरी: खुले प्रश्न. उत्तरांतून विधाने तयार करा.
३. दुसरी फेरी: प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण.
४. तिसरी फेरी: प्रत्येकाला गटाचा मध्यक, स्वतःचे आधीचे गुण आणि इतरांनी दिलेली कारणे, नावे न सांगता, कळवा. मत बदलायचे की कायम ठेवायचे, हे त्यांनी ठरवायचे.

दर फेरीत काही जण गळतात, म्हणून सुरुवातीलाच थोडे जास्त तज्ज्ञ घ्या. आणि नावे तुम्हाला माहीत असतात, फक्त तज्ज्ञांना एकमेकांची माहीत नसतात. संमतीपत्रात हे स्पष्ट लिहा.

एकमत झाले, हे कशावरून?

खरी गोम इथे आहे. समजा १२ पैकी ६ जणांनी ५ गुण दिले आणि ६ जणांनी १. सरासरी ३, मध्यकही ३. प्रबंधात आपण लिहून मोकळे होतो, ‘तज्ज्ञांच्या मते हे कौशल्य मध्यम महत्त्वाचे आहे.’ पण ३ गुण तर कुणीच दिले नव्हते! म्हणून मध्यकासोबत आंतरचतुर्थक विस्तारही द्या. इथे तो ४ येतो, म्हणजे गट सरळ दुभंगलेला आहे.

एकमताचा निकष (उदा. किमान ७५ टक्के तज्ज्ञांनी ४ किंवा ५ गुण देणे) पहिल्या फेरीआधीच ठरवून सिनॉप्सिसमध्ये लिहा. निकाल पाहून ७५ चे ७० केले, तर ते एकमत तज्ज्ञांचे नाही, तुमचे. व्हायवात ‘७५च का?’ हा प्रश्न येणारच; उत्तर तयार ठेवा.

शेवटी एक लक्षात ठेवा. एकमत म्हणजे सत्य नव्हे. रँडच्या तज्ज्ञांचे अंदाज जवळ आले, म्हणून ते बरोबर होते असे सिद्ध होत नाही. आणि तिसऱ्या फेरीनंतरही दोन तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिले, तर त्यांची कारणे प्रबंधात जरूर द्या. पुढच्या संशोधनाचा प्रश्न बऱ्याचदा तिथेच सापडतो.