स्वतःची गाठ सोडणारं गाठोडं

कॉम्प्युटरवर टाइप करा: मंगळवार पेठ, कोल्हापूर. कागदावर अर्धी ओळसुद्धा भरत नाही, पण कॉम्प्युटरला हे ठेवायला 60 बाइट लागतात! आजकालच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. 'को'मधला क वेगळा, त्याचा काना-मात्रा वेगळा, 'मं'वरचा अनुस्वारही वेगळा. स्वल्पविराम आणि मोकळी जागा मात्र एकेका बाइटवर भागवतात. बसा मोजत, बरोबर 60 भरतील.

आता तुमच्या वर्गाची यादी करायचीय आणि 40 मुलं याच पेठेतली आहेत. नुसत्या पत्त्याचेच झाले 2400 बाइट. झिप करणारा, म्हणजे फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम इथे आळशीपणा करतो, पण हुशारीनं. पहिला पत्ता नीट लिहून घेतो. दुसऱ्या वेळी नुसती खूण करतो: 'इतकं मागं जा, 60 बाइट उचल.' ही खूण जेमतेम दोन-तीन बाइटांत मावते. लई भारी की नाही? ही युक्ती 1977 साली इस्रायलच्या अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव यांनी मांडली. पुढे 1989मध्ये अमेरिकेतल्या फिल कॅट्झनं झिप फाइल आणली. आजही झिप फाइलची पहिली दोन अक्षरं असतात पी आणि के. 'के' कॅट्झचा!

पण एक पंचाईत होती. त्या काळी फाइल फ्लॉपीवर घालून न्यायची, आणि फ्लॉपीत जागा फक्त 1.44 एमबी. म्हणून झिप करून गाठोडं घट्ट बांधायचं. मित्राकडे पोचल्यावर कळायचं, गाठ सोडणारा प्रोग्रॅमच त्याच्याकडे नाही. आता काय करता?

मग गाठ सोडणारा छोटा प्रोग्रॅम गाठोड्यालाच पुढून चिकटवून टाकला. दोनदा क्लिक केलं की गाठोडं आपलं आपण सुटतं.

गंमत पुढेच आहे. एकच फाइल प्रोग्रॅमही आणि झिपही, हे जमतं कसं? विंडोज फाइल सुरुवातीपासून वाचतं. तिथं एम आणि झेड ही अक्षरं दिसली की ते समजतं, हा चालवायचा प्रोग्रॅम. (ही आद्याक्षरं मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टमधल्या माणसाची. स्वतःचं नाव खपवायची ही जागा मला फार आवडते.) प्रोग्रॅम सुरू झाला की तो स्वतःचीच फाइल उघडून शेपटाकडून वाचतो, कारण झिपची अनुक्रमणिका असते शेवटी. पुढं काय चिकटवलंय याच्याशी तिला देणंघेणंच नाही.

इन्स्टॉलर याच्याही पुढचा. सामान सोडतो, योग्य फोल्डरात लावतो, आयकॉन ठेवतो आणि कुठं काय ठेवलं ते टिपून ठेवतो, म्हणजे उद्या सगळं काढता येईल. विंडोज 95चा एक संच 13 फ्लॉप्यांवर यायचा. एक संपली की 'पुढची घाला' अशी सूचना, आणि तुम्ही हातात गठ्ठा धरून उभे!

असलं गाठोडं उघडणं म्हणजे आतल्या प्रोग्रॅमला मोकळं रान देणं. म्हणून अनोळखी माणसानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली 'एपीके' (फोनवर ॲप बसवणारी) फाइल उघडायची नाही, आधी घरात दाखवायची. एपीकेसुद्धा आतून झिपच असते बरं का.

वर्डची 'डॉक्एक्स' फाइलही तशीच. चित्र घातलेल्या एखाद्या फाइलची कॉपी काढा, नावाच्या शेवटचं 'डॉक्एक्स' खोडून 'झिप' लिहा आणि उघडा. 'वर्ड' नावाच्या फोल्डरात 'मीडिया' फोल्डर दिसेल. तुमचं चित्र तिथं बसलेलं असेल.