बालरुग्णांतील प्रतिजैविकांची मात्रा व वजनकाट्याचे महत्त्व

शार्ङ्गधराचार्यांनी बालकांच्या औषधमात्रेचा क्रम स्पष्टपणे सांगितला आहे. एक महिन्याच्या बालकास एक गुंजा, पुढे वर्षभर दरमहा एकेका गुंजेची वाढ, त्यानंतर सोळा वर्षांपर्यंत प्रतिवर्षी एकेक माषा आणि पुढे सत्तरीपर्यंत मात्रा स्थिर. मात्रा वाढीबरोबर वाढते व एका मर्यादेवर थांबते, ही दोन सूत्रे यात आहेत. प्रतिजैविकांनाही ती लागू पडतात. मात्र तेथे वाढ किलोग्रॅममध्ये मोजावी लागते.

राज्याच्या नियमांनुसार ज्या वैद्यांना आधुनिक औषधे लिहिण्याची अनुमती आहे, त्यांनी याचा विशेष विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-तक्त्यानुसार दोन वर्षांच्या मुलाचे मध्यक वजन सुमारे १२ किलो असते. परंतु सामान्य मर्यादा पावणेदहा किलोपासून सव्वापंधरा किलोपर्यंत पसरलेली आहे. केवळ वय विचारून दिलेली मात्रा यांपैकी एकास अधिक, तर दुसऱ्यास अपुरी पडणार.

न्यूमोनियाचेच उदाहरण घेऊ. घरी उपचार करण्याजोग्या न्यूमोनियात याच संघटनेने २०१४ मध्ये अमॉक्सिसिलिनची मात्रा प्रतिकिलो किमान ४० मि.ग्रॅ., दिवसातून दोन वेळा, अशी सांगितली. १२ किलोच्या बालकास हे प्रत्येक वेळी ४८० मि.ग्रॅ., म्हणजे व्यवहारात ५०० मि.ग्रॅ. होते. आपल्याकडे या औषधाचे कोरडे सिरप ५ मि.लि.मध्ये १२५ व २५० मि.ग्रॅ. अशा दोन शक्तींत मिळते. दुसऱ्या शक्तीचे १० मि.लि. पुरेल, तर पहिल्या शक्तीचे २० मि.लि. लागेल. ‘एक चमचा सकाळ-संध्याकाळ’ एवढेच लिहिले आणि पहिली बाटली दिली गेली, तर बालकाच्या पोटात चौथा हिस्सा जातो. दोन दिवसांत धाप वाढते, ‘औषध लागू पडले नाही’ म्हणून अधिक तीव्र औषध दिले जाते आणि अपुऱ्या मात्रेत तगून राहिलेल्या जंतूंना बळ मिळते.

किशोरवयीनांत चूक उलट दिशेनेही होते. स्ट्रेप्टोकोकसजन्य घसादुखीत अमेरिकेतील २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अमॉक्सिसिलिन प्रतिकिलो ५० मि.ग्रॅ. दिवसातून एकदा, १० दिवस देतात. ४० किलोच्या मुलीचा हिशोब २००० मि.ग्रॅ. येतो, पण कमाल मर्यादा १००० मि.ग्रॅ. आहे. तेथेच थांबावे. स्थूल किशोराच्या बाबतीत ही मर्यादा विसरून चालत नाही. मात्र ४५ किलोच्या मुलास ‘अजून लहान आहे’ म्हणून बालमात्रा देणेही अयोग्यच. बरे वाटताच औषध थांबवू नये, हे पालकांना आवर्जून सांगावे. कारण या घशाच्या विकारात अपुऱ्या उपचाराने संधिवाती ज्वर व हृदयाच्या झडपांच्या विकाराचा धोका राहतो. अर्थात सर्दी-पडशासारख्या विषाणुजन्य विकारांत प्रतिजैविकाची योग्य मात्रा शून्य हीच होय.

औषधविक्रेत्या बांधवांचा वाटाही मोठा आहे. चिठ्ठीवर सिरपची शक्ती लिहिलेली नसेल, तर अंदाजाने बाटली न देता वैद्यांस विचारावे. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालून बाटली हलवावी, फेस बसल्यावर पुन्हा खुणेपर्यंत पाणी भरावे आणि लेबलवरील मुदत संपल्यावर उरलेले औषध टाकून देण्यास सांगावे. घरातील चमचे लहान-मोठे असतात. म्हणून मोजमापाचे टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज देऊन त्यावर मात्रेची खूण करून दाखवावी. सेफिक्सिमसारखी काही प्रतिजैविके १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जतन करावी लागते. त्याच नोंदीत बालकाचे वजन लिहिण्याची सवय लावून घेतली, तर मात्रेतील चूक तेथल्या तेथे लक्षात येईल.

वैद्यांनी चिठ्ठीवर पाच गोष्टी न चुकता लिहाव्यात : वजन, प्रत्येक वेळची मात्रा मि.ग्रॅ.मध्ये, सिरपची शक्ती व मि.लि., दिवसातील वेळा आणि एकूण दिवस. नाडी व जिव्हा पाहण्याइतकेच वजन पाहणे हा बालपरीक्षेचा भाग मानावा. चिकित्सालयात काटा नसेल, तर या तिमाहीत तो अवश्य घ्यावा.