छोट्या विमानाचा अँटेना : छतावर की पोटाखाली?

धाराशिवला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमानसेवा नाही. त्यामुळे या जिल्ह्यावरून एखादं चार आसनी विमान कमी उंचीवर जात असेल, तर पायलटला बोलायचं असतं ते सोलापूरसारख्या लांबच्या ठिकाणाशी, नाहीतर आसपास उडणाऱ्या दुसऱ्या विमानाशी. सोलापूर सरळ रेषेत साधारण साठ किलोमीटर. विमानाचा बोलण्याचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे व्हीएचएफ पट्ट्यात चालतो आणि त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. त्या किती लांब पोहोचतील याचा एक सोपा हिशोब आहे : उंची फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.२३ ने गुणा, उत्तर नॉटिकल मैलांत. हजार फुटांसाठी ३९ नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर.

म्हणजे साठ किलोमीटर जेमतेम बसतात. पण हा हिशोब सपाट जमिनीचा. धाराशिव आणि तुळजापूर बालाघाटच्या पठारावर, तर सोलापूर घाट उतरून खाली. विमान पठाराच्या बरंच आत आणि खालून उडत असेल तर पठाराचा काठच मध्ये येतो. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचा 'कायपिक्स' प्रयोग केला. अशा कामात विमानाला ढगाच्या तळाशी घिरट्या घालाव्या लागतात. तिथे रेडिओ हाच आधार.

डोंगर काही आपण हलवू शकत नाही. पण विमानाचं स्वतःचं धड, पंख, चाकंच आडवी येत असतील तर? तेवढं मात्र अँटेना बसवणाऱ्याच्या हातात असतं.

पहिला विचार सगळ्यांच्या मनात तोच येतो : टॉवर जमिनीवर, विमान वर, मग अँटेना पोटाखाली लावा की! पण कोन काढून बघा. हजार फूट, म्हणजे ३०० मीटर उंचीवरून साठ किलोमीटरवरचं स्टेशन क्षितिजाखाली किती अंशावर दिसेल? सुमारे ०.३ अंश. म्हणजे स्टेशन 'खाली' नसतंच, ते समोर असतं. छतावरचा अँटेनाही त्याला व्यवस्थित बघतो. टॉवर खरोखर पायाखाली येतो तेव्हा तो इतका जवळ असतो की सिग्नल कमी पडायचा प्रश्नच येत नाही. शिवाय विमान जमिनीवर उभं असताना पोटाखालचा अँटेना पत्रा आणि डांबर यांच्यामध्ये अडकतो, निघण्यापूर्वीचं बोलणंच तुटक होतं. म्हणून सेस्ना १७२ सारख्या विमानात बोलण्याचे अँटेना केबिनच्या छतावर दिसतात. दोन रेडिओ असतील तर काही जण एक वर, एक खाली लावतात, म्हणजे वळणावर विमान कलंडलं तरी एक तरी मोकळा राहतो. मला ही पद्धत पटते, पण खालच्याला पुरेशी जमीन-उंची हवी.

आता अँटेना म्हणजे नुसती काठी नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. व्हीएचएफची लहर साधारण सव्वादोन ते अडीच मीटर लांब, आणि काठी तिच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे साठेक सेंटिमीटर. उरलेलं काम खालचा पत्रा करतो. विहिरीच्या स्थिर पाण्यात काठाचं प्रतिबिंब दिसतं, तसं धातूचा पत्रा काठीचं प्रतिबिंब तयार करतो आणि दोन्ही मिळून पूर्ण अँटेना होतो. म्हणून काठीभोवती सगळीकडे तेवढ्याच त्रिज्येचा पत्रा असावा असं बघतात. छताच्या अगदी कडेला किंवा काचेला खेटून बसवला की एका बाजूचं प्रतिबिंब तुटतं, आणि नेमकं कुठल्या तरी एका दिशेला आवाज कमी जातो.

गोंदियाच्या वैमानिक प्रशिक्षण केंद्रातल्या डायमंड डीए ४० सारख्या विमानांचं धड कंपोझिटचं असतं. तिथे खेळ बदलतो. काचतंतूतून लहरी आरपार जातात, त्यामुळे अँटेना आतल्या बाजूलाही बसवता येतो, पण आरसा म्हणून तांब्याची जाळी किंवा पट्ट्या वेगळ्या घालाव्या लागतात. कार्बनतंतू उलटा : तो वीज वाहतो, लहरी अडवतो, आणि चांगला आरसाही होत नाही. कार्बनच्या आत अँटेना ठेवणं म्हणजे स्टीलच्या डब्यात मोबाईल ठेवून रेंज शोधणं.

बाकीच्या अँटेनांना हा नियम जसाच्या तसा लागू नाही. जीपीएसला आकाश हवं, म्हणून तो छतावरच. ट्रान्सपॉन्डर जमिनीवरच्या रडारला १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो, त्याची काठी जेमतेम सात सेंटिमीटरची. लहर लहान असल्यामुळे चाकाचा पाय किंवा सायलेन्सरचा पाइपसुद्धा तिच्यावर सावली पाडतो, म्हणून तो पोटाखाली, मोकळ्या जागी. इंजिनमागून ऑइलचा आणि काजळीचा जो पट्टा जातो त्यापासून दूर असेल तर बरं. दिशा दाखवणाऱ्या व्हीओआरचं वेगळंच, त्याच्या लहरी आडव्या असतात. घरावरच्या जुन्या दूरदर्शनच्या अँटेनाच्या काड्या आडव्या असायच्या, तसंच. त्यामुळे मांजराच्या मिशांसारखा दोन काड्यांचा अँटेना शेपटीच्या टोकाला दिसतो.

सगळ्यात मोठं भांडण जीपीएस आणि बोलण्याच्या रेडिओचं. उपग्रहाकडून येणारा सिग्नल एका वॅटचे कोटी गुणिले कोटी भाग करून त्यातल्या एका भागाचा पुन्हा शंभरावा हिस्सा, इतका क्षीण. शेजारचा रेडिओ पाच-दहा वॅटने बोलतो. त्यांची फ्रिक्वेन्सी वेगळी आहे, पण गुणाकार बघा : १२१.१७५ गुणिले १३ म्हणजे १५७५.२७५, आणि जीपीएस आहे १५७५.४२ वर! रेडिओतून अशा पटीतल्या लहरी थोड्याफार गळतातच. पायलटने बोलायचं बटण दाबलं की नकाशावरचं विमान गायब, असा प्रकार यातून होतो. म्हणून दोघांत अंतर ठेवायचं, बहुतेक उत्पादक निदान दोन फूट सांगतात. छोट्या विमानाचं छत केवढं असतं? त्यातच इमर्जन्सी बीकनचा अँटेनाही हवा.

त्या बीकनबद्दल मी सगळ्यात जास्त आग्रही आहे. विमान कोसळलं की हा आपोआप ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारतो, भारतात ती बेंगळुरूच्या इस्रो केंद्रात पोहोचते. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह जुन्या १२१.५ वर कान देत नाहीत, म्हणजे ४०६ चीच भिस्त. बीकन शाबूत, पण अँटेनाची केबल तुटली तर हाक कुणालाच ऐकू जात नाही. म्हणून तो शेपटीकडे, छतावर, बीकनच्या शक्य तितक्या जवळ, आणि धडाचा जोड मध्ये येणार नाही असा.

हे सगळं ठरवतं कोण? कंपनीचं विमान असेल तर नकाशा तयार येतो, त्यात बदल करायला मंजुरी लागते. पण स्वतः विमान बांधणाऱ्याला प्रत्येक भोक स्वतः ठरवावं लागतं. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिलं, पुढे त्याच्या उड्डाण चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. अशा कामात अँटेना हा शेवटी बघू म्हणून ठेवायचा विषय नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चुकीच्या फोल्डरमधली फाइल हलवता येते. इथे पत्र्याला भोक पडलं की पडलं, आतून आधाराची पट्टी मारावी लागते, नाहीतर हवेच्या थरथरीने भोकाच्या कडेपासून तडा जातो.

केबलही जागेइतकीच महत्त्वाची. साध्या आरजी-५८ केबलमध्ये ट्रान्सपॉन्डरच्या फ्रिक्वेन्सीला पाचेक मीटरमध्ये जवळजवळ अर्धी शक्ती उष्णतेत जाते. त्यामुळे शेपटीकडची 'आदर्श' जागा कधी कधी मधल्या साधारण जागेपेक्षा वाईट ठरते. आणि अँटेनाच्या बुडाखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, म्हणजे आरशाला जोड मिळतो, मग कडेने सीलंट, नाहीतर पावसाळ्यात तिथेच गंज.

बसवून झाल्यावर तपासणी हवेतच होते. ठरलेल्या अंतरावर एक पूर्ण गोल मारायचा, दर तीस अंशांवर टॉवरशी बोलायचं आणि आवाज कसा येतोय ते लिहून घ्यायचं. एकाच दिशेला खरखर आली तर विमानाचा कुठला भाग तेव्हा मध्ये होता ते बघायचं. मग उतरून १२१.१५, १२१.१७५ आणि १२१.२ वर प्रत्येकी अर्धा मिनिट बटण दाबून धरायचं, डोळे जीपीएसच्या पडद्यावर.