न वापरलेला कोड आणि अभावाचं ज्ञान

आजचा विषय सॉफ्टवेअरचा आहे, पण त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. एखादी गोष्ट ‘नाही’, हे आपल्याला कशावरून कळतं? जुन्या प्रकल्पात पुष्कळ कोड असा साठतो, की तो बहुधा आता कोणी वापरत नाही. पण काढायला हात धजावत नाही. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून आपण माळ्यावर भांडी टाकतो, तसा तो पडून राहतो. फरक एवढाच, की भांडी आपण होऊन खाली येत नाहीत. कोड येऊ शकतो.

नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर-व्यवहार कंपनीचं उदाहरण घेऊ. त्यांच्या प्रणालीतल्या ‘पॉवर पेग’ या भागाचा वापर २००३ मध्ये थांबला. कोड मात्र तिथेच राहिला. मागणीइतके शेअर झाले की त्याला थांबवणारी मोजणी २००५ मध्ये दुसरीकडे हलवली गेली. त्यानंतर तो भाग पुन्हा तपासला गेला नाही. २०१२ मध्ये नव्या कामासाठी त्याचाच जुना फ्लॅग, म्हणजे चालू-बंदची खूण, वापरायला घेतला. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. एक राहून गेला. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवर निजलेला कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले, ४६ कोटी डॉलरहून अधिक बुडाले.

म्हणून आपण म्हणतो, काढून टाका. पण काढलं म्हणजे गेलं का? न्याय-वैशेषिकांनी अत्यंताभाव आणि प्रध्वंसाभाव वेगळे मानले. जे कधी नव्हतंच त्याचा अभाव निराळा, होतं आणि नष्ट झालं त्याचा निराळा. गिटमध्ये नोंदवलेला कोड पुसला, की त्याचा अभाव दुसऱ्या प्रकारचा असतो. शिवाय इथे मागची प्रतही इतिहासात राहते. ‘गिट लॉग’ने ती शोधता येते, ‘गिट रिव्हर्ट’ने बदल मागे घेता येतो. मग कोडभोवती कॉमेंटची चिन्हं घालून तो तसाच ठेवण्यात काय हशील? वाचणाऱ्याला नुसता अडथळा.

आता खरा अवघड भाग. ‘वापर दिसत नाही’ म्हणजे ‘वापर नाही’ असं नव्हे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून तो नाही असं ठरत नाही. असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. याला आपल्याकडे योग्यानुपलब्धी म्हणतात. कोडच्या बाबतीत ती स्थिती आपल्यालाच निर्माण करावी लागते. फंक्शनचं नाव सगळीकडे शोधायचं. सेटिंगच्या फायलींतही शोधायचं, कारण काही वेळा नाव तिथून येतं. मग त्या जागी लॉगची एक ओळ टाकून वाट पाहायची. किती? कामाचं एक पूर्ण चक्र. हिशेबाच्या प्रणालीत ३१ मार्च उलटल्याशिवाय निकाल देऊ नये.

एवढं झालं की कोड काढायचा, स्वतंत्र कमिटमध्ये. त्याबरोबर दुसरे बदल मिसळायचे नाहीत, म्हणजे परत आणणं सोपं जातं. संदेशात नुसतं ‘साफसफाई’ लिहू नये. काय काढलं आणि वापर नाही हे कशावरून ठरवलं, ते लिहावं. जुना फ्लॅग नव्या कामाला देऊ नये. आणि बदल प्रत्येक सर्व्हरवर पोहोचला का, ते पाहावं. गिटमधून कोड गेला तरी सर्व्हरवर तो चालू असू शकतो.