तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी

कऱ्हा नदी नीरेला मिळते ते बारामती तालुक्यातलं सोनगाव. तिथून नीरा पुढे इंदापूर तालुक्यात जाते आणि नरसिंहपूरला भीमेत विसावते. या नद्यांच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वीही गावं नांदत होती. १९६५मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनगावला उत्खनन केलं, तेव्हा अशाच एका गावाची खापरं हाती आली. लाल अंग, त्यावर काळ्या रंगाची नक्षी.

संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१च्या उत्खननात अशी भांडी मिळाली, म्हणून ती ‘जोर्वे’ भांडी. चाकावर घडवलेली, पातळ आणि इतकी पक्की भाजलेली, की टिचकी मारली तर धातूसारखी खणखणतात. मधेच कंगोरा असलेले वाडगे, उंच गळ्याचे कुंभ आणि तोटीची भांडी हे त्यांचे ठळक घाट. नक्षी बहुधा खांद्यावर असते: समांतर रेघा, चौकटी, आडव्यातिडव्या रेघांनी भरलेले शंकरपाळ्यासारखे आकार.

या नक्षीचा अर्थ काय? शंकरपाळं म्हणजे शेत, रेघा म्हणजे पाऊस, असं सांगायचा मोह होतो. पण या लोकांनी लिहून काहीच ठेवलेलं नाही. अर्थाचा धागा सापडतो तो भांडं कुठे ठेवलं होतं, यात.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने खोदकाम केलं. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं निघाली. दोन मडकी आडवी ठेवून तोंडाला तोंड लावायची आणि त्यांच्या पोटात मूल. ही मडकी बहुतेक जाडीभरडी, हाताने घडवलेली. नक्षीचा वाडगा किंवा तोटीचं भांडं शेजारी ठेवलेलं, बहुधा त्या मुलासाठी. गेलेलं मूल गावाबाहेर नेलं नाही, चुलीच्या आसपासच राहू दिलं. मोठ्या माणसांना पुरताना मात्र घोट्याखालचे पाय तोडलेले आढळतात.

याच इनामगावात एक चार पायांचा, फुगीर पोटाचा मातीचा रांजण सापडला. आत बसलेल्या स्थितीतला एक प्रौढ पुरुष, आणि त्याचे पाय शाबूत! अभ्यासकांनी या रांजणाचं नातं आईच्या गर्भाशी जोडलं. नवरात्रात घट बसवणाऱ्या आणि अंत्यविधीत मडकं फोडणाऱ्या आपल्याला ते चटकन पटतं. पण त्या काळापासून आपल्यापर्यंत धागा अखंड आला, असा पुरावा नाही. साम्य आहे, एवढंच म्हणावं.

जागेचं हे मोल जगाच्या दुसऱ्या टोकालाही दिसलं. कोलंबसापूर्वीच्या अमेरिकेत कुंभाराचं चाक नव्हतं, तरी पेरूमधल्या मोचे संस्कृतीच्या कुंभारांनी नजर ठरणार नाही अशी भांडी घडवली. त्यांच्यावर कैद्यांचा बळी देण्याचा प्रसंग पुन्हा पुन्हा रंगवलेला आहे. ती देवांची गोष्ट की खरा विधी, हे कळत नव्हतं. १९८७मध्ये तिथल्याच सिपान इथे पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा यांनी एका सत्ताधीशाचं थडगं उघडलं, तर चित्रातल्या मुख्य पात्राचाच साज त्याच्या अंगावर होता. जवळच्या थडग्यात चोर आधीच शिरले होते. हेही थडगं त्यांच्या हाती लागतं, तर सोनं बाजारात गेलं असतं आणि चित्रं मुकीच राहिली असती.

आपल्याकडे सोनं नाही, म्हणून धोका कमी असं नाही. धाब्याच्या घरांवर टाकायला, शेतात पसरायला पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती वर्षानुवर्षं उचलली गेली. आता ते काम यंत्र करतं. नीरा-भीमेकाठी नांगरताना काळ्या रेघांचं लाल खापर वर आलं, तर ते घरी आणून फडताळात ठेवू नका. जागेवरच राहू द्या, फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. जागेवरून उचललेलं खापर शोभेला पुरतं, इतिहासाला पुरत नाही.