रक्ताची एक नाजूक परीक्षा

बोट कापलें असतां रक्त थोड्याच वेळांत थिजतें, हें लहान मुलालाही ठाऊक असतें. परंतु तेंच रक्त शिरांतून वाहत असतां कां थिजत नाहीं, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनांत येतो. थिजण्याच्या क्रियेस लगाम घालणारीं कांहीं द्रव्यें रक्तांतच असतात; ‘प्रोटीन सी’ हें त्यांपैकीं एक. स्वीडनमधील योहान स्टेनफ्लो यांनीं १९७६ सालीं तें गाईच्या रक्तांतून वेगळें केलें. तें यकृतांत तयार होतें व त्यास ‘के’ जीवनसत्त्वाची जरूर असते.

समजा, बोर्ली पंचतन येथील एकाद्या एकत्र कुटुंबांत तिशीच्या आंतील मुलाचा पाय अकस्मात् सुजला व खोल शिरेंत गुठळी झाल्याचें निदान झालें. प्रोटीन सी जन्मतःच कमी असल्यास असें होऊं शकतें, हें कळतांच वडीलधाऱ्यांना वाटतें कीं, आजच्या आज त्याचें रक्त तपासून घ्यावें. येथेंच घाई नडते.

ही परीक्षा होते कशी? रक्ताच्या नऊ भागांस सायट्रेटच्या द्रावाचा एक भाग, हें प्रमाण नळींत नेमकें साधावें लागतें. मग यंत्रांत नळी फिरवून रक्तद्रव निराळा काढितात व त्यांत अमेरिकेंतील कॉपरहेड सर्पाच्या विषापासून मिळविलेलें द्रव्य मिसळतात. त्या योगें निद्रिस्त प्रोटीन सी जागें होऊन एका रंगहीन पदार्थांतून पिवळा रंग मोकळा करितें. रंग जितका गडद तितकें प्रोटीन सी अधिक. निरोगी माणसांच्या एकत्रित रक्तद्रवाशीं तुलना करून उत्तर शेंकड्यांत देतात. मोठ्या माणसांत तें साधारणतः ७० ते १४० असतें.

परंतु गुठळी ताजी असतां हें द्रव्य खर्चीं पडतें, आणि वॉर्फरिनची गोळी ‘के’ जीवनसत्त्वाचेंच कार्य रोखते. दोन्ही प्रसंगीं निर्दोष माणसाचाही आंकडा खालीं येतो. लहान मुलांत तर तो स्वभावतःच कमी असतो. यास्तव परीक्षेची वेळ डॉक्टरांनींच ठरवावी, कमी आलेलें उत्तर पुन्हां पडताळावें, आणि आपल्या मनानें गोळी कधींही बंद करूं नये.

अंतराचीही अडचण आहे. रक्तद्रव कांहीं तासांच्या आंत वेगळा करून गोठवावा लागतो. बोर्लीहून नुसती नळी धाडण्यापेक्षां माणसानेंच मुंबईस जाणें श्रेयस्कर. परळास के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांत १९५७ सालीं रक्तगट केंद्र म्हणून निघालेली व आज नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या नांवानें चालणारी संस्था अशाच रक्तविकारांचें संशोधन करिते.

शेवटीं एक गोष्ट. आई अथवा बाप यांपैकीं एकाकडून हा दोष येत असल्यास प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो; मुलगा-मुलगी हा भेद तेथें नाहीं. दोष असूनही अनेकांना जन्मभर गुठळी होत नाहीं. मात्र गर्भारपणीं, शस्त्रक्रियेपूर्वीं किंवा संततिनियमनाच्या गोळ्या घेण्यापूर्वीं तो डॉक्टरांस अवश्य सांगावा. ज्ञान सावधगिरीसाठीं आहे. घाईनें काढलेल्या एका आंकड्यावरून घरांतील मुलीचें ठरलेलें लग्न मोडण्यासाठीं खास नव्हे.