माशाचें घड्याळ व पावसाळा

पुष्कळ शेतकरी आपल्या तळ्यांत रोहू, कटला व मृगळ सोडतात, आणि मासे पोसले म्हणजे त्यांचीं पिलें तेथेंच होतील, विकत आणण्याचा खर्च वांचेल, अशी आशा धरतात. उन्हाळ्याअखेर माद्यांचीं पोटें अंड्यांनीं फुगलेलीं दिसतात. पावसाळा उलटतो, परंतु पिलूं एकहि दिसत नाहीं. नवीन बीं आणण्याचा हंगाम तेवढ्यांत निघून जातो. याचें कारण माशाच्या अंगच्या कालगणनेंत आहे.

माशाच्या मेंदूच्या माथ्यावर एक लहानशी ग्रंथि असते. तिला उजेड कळतो, व अंधार पडला म्हणजे ती आपला रस रक्तांत सोडूं लागते. रात्र जितकी लांब तितका वेळ हा रस पाझरतो, आणि त्याचें प्रमाण पाण्याच्या उष्णतेप्रमाणें कमीअधिक होतें. या दोहोंवरून शरीरास ऋतु ओळखतां येतो. नवल असें कीं, पाणी तापलें म्हणजे भूक व वाढ वेग घेते, पण घड्याळ पुढें पळत नाहीं. झेब्रा माशावरील प्रयोगांत त्याचा फेरा कमीअधिक उष्णतेंतहि सुमारें एका दिवसाचाच राहिला. वर्षाचाहि असाच फेरा असतो. दिल्ली विद्यापीठांत सुंदरराज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शिंगी मासे कायम अंधारांत अगर कायम उजेडांत ठेवले, तरी माद्यांच्या अंडकोशांची भरती-ओहोटी सुमारें वर्षाच्या अंतरानें चालूच राहिली.

रोहू-कटल्याचीं अंडीं वाढत्या दिनमानांत व उन्हांत पिकतात खरीं, परंतु तीं बाहेर पडण्यास नदीच्या पुराचें नवें, वाहतें पाणी लागतें. तळ्यांत तो इशारा मिळत नाहीं, व अंडीं पोटांतच जिरून जातात. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांत डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनीं दुसऱ्या माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून ही अडचण दूर केली. तरीहि सुई पिकलेल्या मादीसच लागू पडते. भर थंडीत टोंचून उपयोग नाहीं.

म्हणून तळ्यांत पिलांची वाट पाहण्यांत वर्ष दवडूं नये. पावसाळ्यांतच बीजकेंद्रांतून बोटुकली आणावी. खाद्य रोज ठराविक वेळीं द्यावें, कारण मासे ती वेळ ओळखून आधींच काठाशीं जमतात. थंडीत मात्र तें निम्म्यावर आणावें. न खाल्लेली पेंड कुजून पाण्यांतील प्राणवायु घटतो, आणि पहांटे मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात.